७८ विरुद्ध ७८ : एका गावाला स्वतंत्र आमदार हवा कशाला?

उत्तरायण
राम राम मंडळी. कॅनडाच्या राजकारणावर इथे धागे निघतात ते सगळे ओटावा नाहीतर टोरांटोचे. आज जरा वरच्या अंगाला जाऊ.

अलास्काला खेटून असलेला प्रदेश म्हणजे यूकॉन. पूर्ण प्रांत नाही, आपल्याकडच्या केंद्रशासित प्रदेशासारखा काहीसा. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दीडपट आणि माणसं चाळीस-पंचेचाळीस हजार, म्हणजे आपल्या एखाद्या बऱ्यापैकी नगरपालिकेएवढी. २०२१ साली विधानसभेत १९ जागा होत्या. त्यातली सगळ्यात उत्तरेची जागा वुंटुट ग्विचिन. या मतदारसंघात वस्ती म्हणावी असं एकच गाव आहे, ओल्ड क्रो. पॉर्क्युपाइन नदीच्या काठी, ध्रुववृत्ताच्याही वर. लोकसंख्या अडीचशेच्या आत. बारमाही रस्ता नाही, विमानानेच जायचं.

१२ एप्रिल २०२१ ला मतदान झालं. लिबरल पक्षाच्या पॉलिन फ्रॉस्ट या तेव्हा आरोग्य आणि पर्यावरण मंत्री होत्या. त्यांना मिळाली ७८ मतं. एनडीपी म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, डावीकडे झुकलेला पक्ष. त्यांच्या ॲनी ब्लेक यांनाही ७८. फेरमोजणी केली तरी तेच. मग तिथल्या कायद्याप्रमाणे १९ एप्रिलला चिठ्ठी काढली आणि ब्लेक निवडून आल्या. विधानसभेचं चित्र झालं लिबरल ८, यूकॉन पार्टी ८, एनडीपी ३. म्हणजे एका चिठ्ठीवर अख्ख्या प्रदेशाचं सरकार लटकलं!

मी व्हाइटहॉर्सला राहतो, राजधानीत. आमच्या एका आमदारामागे दोन-अडीच हजार माणसं. तिथे अडीचशे. माझ्या एका मताच्या नऊ-दहापट वजन तिथल्या मताला का? तुमचं काय मत?

मिरची_कांदा
७८ मतं? आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून झालेल्या निवडणुकीत यापेक्षा जास्त पडली होती. त्यातली तीन भाडेकरूंची, तो वाद अजून चालू आहे.

गिरगावकर_जुना
लेखकमहाशय, चिठ्ठीचं एवढं अप्रूप नको. २०१७ ची मुंबई महापालिका आठवा, वॉर्ड २२०, आमचं गिरगाव. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा, दोघांना ५,९४६ मतं. आधी बागलकर जिंकले असं कळलं, इकडे गुलाल उधळून झाला, मग शहांनी फेरमोजणी मागितली आणि आकडा बरोबरीला आला. एका लहान मुलीच्या हाताने चिठ्ठी काढली ती शहांची. शेवटी सेना ८४, भाजप ८२. ती चिठ्ठी उलटी पडती तर ८५-८१. गल्लीत महिनाभर दुसरा विषय नव्हता.

खडूफळा
ग्रामपंचायतीत तर हे दर हंगामाला कुठे ना कुठे होतंच. आम्ही शिक्षक लोक निवडणुकीच्या कामाला कायमचे जुंपलेले. एकदा मोजणीच्या टेबलावर होतो, प्रभागात दोन्ही उमेदवार समसमान. तहसीलदारांनी दोघांना पुढे बोलावलं, एकाच कागदाचे दोन सारखे तुकडे केले, दोघांना दाखवून नावं लिहिली, सारख्या घड्या घातल्या, रिकामा डबा सगळ्यांना उलटा करून दाखवला. मग बाहेर पोलिसाशेजारी उभं असलेलं कुणाचं तरी पोरगं आत बोलावलं. ईश्वर चिठ्ठी काढायची तर हात निष्पापच लागतो ना!

हरलेला माणूस त्या पोरालाच म्हणाला, "तुझ्या बापाला बघतो." पोरगं तिसऱ्या गावचं निघालं.

वकीलबाई
आपल्याकडे याला पक्का कायदेशीर आधार आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ६५. समसमान मतं असली आणि एका जादा मताने निकाल लागणार असेल तर निवडणूक निर्णय अधिकारी तिथल्या तिथे चिठ्ठी काढतो. ज्याच्या नावावर चिठ्ठी पडते त्याला एक मत जास्त मिळालं असं धरतात.

गंमत म्हणजे कॅनडात संसदेच्या निवडणुकीला हा मार्ग नाही. तिथे बरोबरी झाली तर पोटनिवडणूक घ्यावी लागते. यूकॉनने मात्र आपल्या विधानसभेपुरती चिठ्ठी ठेवली आहे. उत्तरायण, यामागे खर्चाचं कारण असावं का? एका गावात पुन्हा मतदान घ्यायचं म्हणजे पुन्हा विमानं.

उत्तरायण
@वकीलबाई, खर्चाचं सांगता येणार नाही. पण पुन्हा मतदान घेऊन होणार काय? गावात कोण कुणाचा हे सगळ्यांना पाठ. पुन्हा ७८-७८ च व्हायचं.

आणि खरी मेख सांगायची राहिलीच. या मतदारसंघात चिठ्ठी निघाली ती पहिल्यांदा नाही! १९९६ च्या सार्वत्रिक निवडणुकीतही इथे बरोबरी झाली होती. यूकॉन पार्टीचे इसॉ शेफर आणि एनडीपीचे रॉबर्ट ब्रूस. तेव्हाही चिठ्ठी, तेव्हाही एनडीपीच्या बाजूने.

तिखटमीठ
दोन्ही वेळा एकाच पक्षाला? आमच्याकडे असतं तर डब्याची फॉरेन्सिक तपासणी झाली असती.

बंडूनाना
तिथल्या ग्रामदैवताला एनडीपी पावते, दुसरं काय.

आकडेमोड
दोन नाणी सारखीच पडण्याची शक्यता निम्मी असते हो. नवल चिठ्ठीचं नाही, एकाच मतदारसंघात दोनदा बरोबरी होण्याचं आहे. अर्थात दीडशे मतांत बरोबरी होणं आणि दीड लाखांत होणं यात जमीन-अस्मानाचा फरक. मतं जेवढी कमी तेवढी बरोबरी सोपी.

आता मूळ लेखातल्या एका वाक्याबद्दल. "एका चिठ्ठीवर अख्ख्या प्रदेशाचं सरकार लटकलं" हे ऐकायला झकास आहे, पण गणितात बसत नाही. चिठ्ठी फ्रॉस्टबाईंची निघाली असती तर लिबरल ९, यूकॉन पार्टी ८, एनडीपी २. बहुमताला हवेत १०. लिबरल नऊवर अडकतात, त्यांना एनडीपी लागते. आणि यूकॉन पार्टीचे ८ अधिक एनडीपीचे २, हेही दहाच! म्हणजे चिठ्ठी कशीही पडो, किल्ली एनडीपीच्या केट व्हाइट यांच्याच हातात राहणार होती. सभापती लिबरलांचा झाला हे धरलं तरी एका बाजूला ७ अधिक ३ आणि दुसऱ्या शक्यतेत ८ अधिक २. बेरीज तीच.

चिठ्ठीने बदललं ते वजन. तीन आमदारांचा पक्ष वाटाघाटीला बसतो आणि दोघांचा बसतो, यात फरक पडतोच. शिवाय ८-८ झाल्यावर "सगळ्यात मोठा पक्ष आमचा" असं म्हणायची लिबरलांची सोय गेली.

उत्तरायण
@आकडेमोड, हिशेब बरोबर आहे, पण त्या आठवड्यात इथलं वातावरण तुम्ही पाहायला हवं होतं. कॉफीच्या दुकानात दुसरा विषय नाही. एप्रिल संपायच्या आत लिबरल आणि एनडीपीचा करार झाला, सँडी सिल्व्हर मुख्यमंत्रीपदी राहिले. करारात घरभाड्याच्या वाढीला महागाईच्या दराची वेसण आणि किमान वेतन तासाला १५ डॉलर २० सेंट. माझ्या घरमालकाचा चेहरा अजून आठवतो. ओल्ड क्रोच्या डब्यातून निघालेला कागद माझ्या घरभाड्यापर्यंत आला, असं मी तरी मानतो.

टोरांटोची_सून
मी कधी यूकॉनला गेले नाही, पण एक शंका. एकाच गावाचा मतदारसंघ म्हणजे दोन्ही उमेदवार नात्यातलेच असणार. प्रचार कसा करत असतील? "काकू, यंदा मला" असं?

खडूफळा
ताई, आमच्या ग्रामपंचायतीत सख्ख्या जावा एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्यात. स्वयंपाक एका चुलीवर, प्रचार दोन जीपमध्ये.

स्पितीवाला
मूळ विषयावर येतो. "छोटा उत्तरेकडचा मतदारसंघ" म्हटल्यावर मला हिमाचलचा लाहौल-स्पिती आठवला. क्षेत्रफळ पावणेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, मतदार पंचवीस हजारांच्या घरात. राज्यातली क्षेत्रफळाने सगळ्यात मोठी आणि मतदारांनी सगळ्यात लहान जागा. ताशीगंगचं मतदान केंद्र १५,२५६ फुटांवर, जगातलं सगळ्यात उंच म्हणतात. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू होण्याआधी रोहतांग बंद झाला की लाहौल सहा महिने तुटायचं. पूर्वी तर लाहौल-स्पिती, किन्नौर आणि भरमौर या तीन ठिकाणी उरलेल्या राज्याबरोबर मतदानच होत नसे, बर्फ वितळल्यावर व्हायचं. बाकी राज्याचा निकाल लागलेला असायचा आणि ही मंडळी नंतर सावकाश मतदान करायची.

कुलू किंवा कांगड्याच्या एखाद्या जागेला ही दरी जोडून टाकली, तर मतं मागायला कोण येणार वर? घाटाखालची मतं जमली की काम झालं. म्हणून मला ओल्ड क्रोला वेगळा आमदार असणं अजिबात खटकत नाही.

वकीलबाई
@स्पितीवाला, लाहौल-स्पितीचं नाव काढलंत आणि चिठ्ठीचा विषय चालू आहे, तर २०२४ ची राज्यसभा निवडणूक राहूच शकत नाही. ६८ आमदारांत काँग्रेसचे ४०, भाजपचे २५, अपक्ष ३. काँग्रेसचे सहा फुटले, अपक्ष तिकडे गेले. काँग्रेसचे अभिषेक मनु सिंघवी ३४, भाजपचे हर्ष महाजन ३४. फुटलेल्या सहांत एक होते रवी ठाकूर, तुमच्या लाहौल-स्पितीचे आमदार! चिठ्ठी काढली, ती निघाली सिंघवींच्या नावाची. आणि सिंघवी हरले.

मिरची_कांदा
थांबा थांबा. चिठ्ठी निघाली म्हणून हरले?

वकीलबाई
हो. राज्यसभेचं मतदान पसंतीक्रमाचं. त्यात उमेदवार गळत जातात. शेवटी बरोबरी झाली की चिठ्ठी कुणाला *वगळायचं* हे ठरवते, असा अर्थ लावून निकाल दिला गेला. कलम ६५ मध्ये चिठ्ठी निघालेल्याला एक मत मिळतं, इथे चिठ्ठी निघालेला बाहेर. सिंघवी याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. म्हणून डब्यात हात घालण्याआधी हात कशासाठी घालतोय ते ठरलेलं असावं.

खडूफळा
आमच्या तहसीलदारांना हे सांगायला नको. पुढच्या वेळी तेही गोंधळतील.

स्पितीवाला
त्या रवी ठाकूरांचं पुढे काय झालं तेही सांगतो. अपात्र ठरले, भाजपच्या तिकिटावर पोटनिवडणूक लढवली, पडले. काँग्रेसच्या अनुराधा राणा निवडून आल्या. छोट्या मतदारसंघात आमदाराने काय केलं ते गावात कळतं आणि लक्षात राहतं.

बंडूनाना
ओल्ड क्रोमध्ये आयाराम-गयाराम नाहीत का?

उत्तरायण
आहेत की! सगळा इतिहासच सांगतो, थोडा लांबेल.

यूकॉनमध्ये पक्षांच्या नावावर पहिली निवडणूक झाली १९७८ साली. तेव्हा मतदारसंघाचं नाव ओल्ड क्रो होतं. निवडून आले ग्राफ्टन न्जूटली, प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह. १९८२ ला त्याच पक्षाच्या कॅथी नुकॉन. १९८५ पासून एनडीपीच्या नॉर्मा कासी, १९९२ पर्यंत. १९९२ ला नाव बदलून वुंटुट ग्विचिन झालं आणि यूकॉन पार्टीचे जॉनी एबल आले. ते १९९५ मध्ये आमदार असतानाच वारले. पोटनिवडणुकीत त्याच पक्षाचे इसॉ शेफर निवडून आले, आणि काही महिन्यांतच सार्वत्रिक निवडणुकीत ती चिठ्ठी. मग रॉबर्ट ब्रूस. त्यांच्यानंतर एनडीपीच्याच लॉरेन पीटर, २००६ पर्यंत. २००६ ला लिबरल डेरियस इलायस. २०११ ला पुन्हा तेच. त्या निवडणुकीनंतर ते काही काळ लिबरलांचे हंगामी नेतेही होते. २०१२ ला पक्ष सोडून अपक्ष बसले, २०१३ ला यूकॉन पार्टीत गेले. पुढच्या निवडणुकीत, २०१६ ला, पॉलिन फ्रॉस्टनी त्यांना पाडलं, मोजक्या मतांनी.

म्हणजे बघा, निळे, नारिंगी, लाल, सगळ्या पक्षांचे रंग झाले. कुठल्याच पक्षाचा हा गड नाही.

आणि एक मजा. १९९६ ला चिठ्ठीने आलेले ब्रूस पुढे विधानसभेचे सभापती झाले. सभागृहात मतं समसमान झाली की निर्णायक मत सभापतीचं असतं. ज्याला स्वतःला डब्याने निवडलं त्याच्याकडेच बरोबरी सोडवायचं काम!

आकडेमोड
हे आवडलं. पुढच्या वेळी कुणी "चिठ्ठीने आलेल्याला नैतिक अधिकार काय" विचारलं की हे सांगणार.

तिखटमीठ
पण हे सगळे आमदार आदिवासीच ना? म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी? राखीव जागा आहे का?

उत्तरायण
राखीव नाही. पण गावच ग्विचिन लोकांचं, त्यामुळे आमदार त्यांच्यातलाच येतो. आणि इथेच माझ्या स्वतःच्या प्रश्नाचं वजन जरा कमी होतं, तेही सांगून टाकतो. या लोकांचं जगणं कॅरिबूवर. थंड प्रदेशातलं मोठं हरीण. पॉर्क्युपाइन कळप म्हणतात त्यात २०१७ च्या गणनेत दोन लाखांच्या वर जनावरं होती. ती वितात सीमेपलीकडे अलास्कात, आर्क्टिक अभयारण्याच्या किनारपट्टीवर. आणि नेमकं तिथेच जमिनीखाली तेल आहे. अमेरिकेत सरकार बदललं की तेल काढायचा विषय वर येतो किंवा खाली जातो. म्हणजे ओल्ड क्रोच्या आमदाराची अर्धी लढाई वॉशिंग्टनशी! मघाशी उल्लेख केलेल्या नॉर्मा कासी यांना याच कामासाठी २००२ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

व्हाइटहॉर्सच्या उपनगरातल्या आमदाराला कॅरिबू म्हणजे फ्रीजरमधलं मटण.

टोरांटोची_सून
चवीला कसं लागतं?

उत्तरायण
बकऱ्यापेक्षा कोरडं, चरबी कमी. आमच्याकडे एकाने कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला होता. शेजारचे आजोबा, ग्विचिन नव्हे, पण इथलेच, दोनदा मागून घेऊन गेले.

मिरची_कांदा
धागा आता रुळावर आला. पाककृती टाका.

बंडूनाना
तिकडे विमानाने कोथिंबीर जाते का? जुडी केवढ्याला?

उत्तरायण
कोथिंबीर बघायला मिळाली नाही. पण दूध, अंडी, भाजी, डायपर सगळं विमानाने. एअर नॉर्थ कंपनीत त्या ग्विचिन समाजाच्या विकास महामंडळाची मोठी भागीदारी आहे, ती याच कारणाने. कधीतरी हिवाळ्यात बांधकामाचं जड सामान न्यायला बर्फाचा तात्पुरता रस्ता करतात, वसंतात तो वितळून जातो. आणि हो, गावात दारूबंदी आहे. नेता येत नाही.

चंद्रपुरी
दारूबंदी! आमच्या जिल्ह्यात २०१५ ला झाली, २०२१ ला उठली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून आहे. आमच्याकडे बंदीच्या काळात मिळत नव्हती असं म्हणणारा माणूस मला भेटायचाय. पण एका गावाची बंदी टिकू शकते. आडवी बाटली-उभी बाटलीच्या मतदानात ज्या गावांच्या बायकांनी स्वतः बाटली आडवी केली, तिथे निदान उघड दुकान पुन्हा आलं नाही. अडीचशे माणसांच्या गावात विमानाच्या दारातच बॅग बघता येत असेल.

मिरची_कांदा
निवडणुकीत दारू वाटता येत नाही, मटण हरिणाचं, मतदार दीडशे. उमेदवाराला खर्च तरी काय? आमचा नगरसेवक ऐकून रडेल.

वकीलबाई
मला एका गोष्टीचं नवल वाटतं. एवढ्या कमी फरकाच्या निवडणुकीत एकेका मताची छाननी होणारच. कोर्टात काही गेलं नाही का?

उत्तरायण
गेलं. फ्रॉस्टनी निकालाला आव्हान दिलं. मुद्दा एका मताचा. तो मतदार व्हाइटहॉर्सच्या तुरुंगात होता, त्याचं मत ओल्ड क्रोमध्ये धरलं. तो तिथला रहिवासी नाही, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाने अर्ज फेटाळला, ब्लेक आमदार राहिल्या.

खडूफळा
तुरुंगातला माणूस मत देतो?

वकीलबाई
कॅनडात देतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये, सोव्हे खटल्यात, शिक्षा भोगणाऱ्यांचा मताधिकार काढून घेणं घटनाबाह्य ठरवलं. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगातला माणूस मत देऊ शकत नाही, खटला चालू असलेला कच्चा कैदीसुद्धा. निवडणूक लढवू मात्र शकतो, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेली नसेल तर. उभं राहता येतं पण स्वतःला मत देता येत नाही.

आकडेमोड
स्वतःच्या मतावरून आठवलं. राजस्थान, २००८, नाथद्वारा. सी. पी. जोशी, तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष, मुख्यमंत्रीपदाच्या शर्यतीत. ६२,२१५. समोर कल्याणसिंह चौहान ६२,२१६. एका मताने गेले. कर्नाटकात २००४ ला संथेमरहळ्ळीतही एकच मत, ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१.

आपल्याकडे २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा ४८ मतांनी. विधानसभेला मालेगाव मध्य १६२, साकोलीत नाना पटोले २०८. त्या साकोलीतल्या फरकापेक्षाही ओल्ड क्रोची दोघींची मिळून मतं कमी, १५६!

गिरगावकर_जुना
बरोबरी झाली म्हणून त्या बाईंचं राजकारण संपलं का हो?

उत्तरायण
छे. फ्रॉस्ट २०२२ मध्ये वुंटुट ग्विचिन फर्स्ट नेशनच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या समाजाच्या, प्रमुख म्हणून निवडून आल्या. म्हणजे विधानसभेची खुर्ची गेली, समाजाची मिळाली. आणि कितीतरी बाबतींत तिथे ही दुसरी खुर्चीच भारी. १९९३ ला करार झाला, त्यात त्यांना जमीन आणि स्वशासन मिळालं, स्वतःची राज्यघटना आहे, स्वतःचं मंडळ आहे.

टोरांटोची_सून
म्हणजे एकाच अडीचशे माणसांवर आमदार, समाजाचा प्रमुख, वर ओटावाचा खासदार? प्रत्येक घराला एक पुढारी येत असेल वाटणीला.

वकीलबाई
त्या मंडळावरून कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटलाही झाला, निकाल मार्च २०२४. मंडळावर निवडून आलेल्याने १४ दिवसांत समाजाच्या जमिनीवर राहायला गेलं पाहिजे, असा त्यांचा नियम. व्हाइटहॉर्सला राहणाऱ्या समाजातल्याच एका बाईने आव्हान दिलं. मुलाच्या उपचारांसाठी तिला शहर सोडता येत नव्हतं. कोर्ट म्हणालं, मूलभूत हक्कांची सनद इथे लागू आहे, तरीही नियम टिकतो, कारण सनदेतलं कलम २५ मूळ रहिवाशांच्या वेगळ्या हक्कांना संरक्षण देतं.

माझं मत कोर्टाच्या बाजूचं नाही. निम्म्याहून जास्त समाज गावाबाहेर राहतो, त्यांना कारभारात शिरकावच अवघड होतो.

चंद्रपुरी
इथे माझी तुमच्याशी फारकत, वकीलबाई. आमच्या भागातले कितीतरी लोकप्रतिनिधी नागपूरला बंगला बांधून बसलेत. गावात लाइट गेली तर त्यांना काय कळणार? निवडून आलास ना, मग ये राहायला. मला तर हा नियम आपल्या झेडपीला लावावासा वाटतो.

वकीलबाई
बंगलेवाल्यांना लावा, हरकत नाही. आजारी मूल घेऊन शहरात अडकलेल्या आईला लावताना मात्र नियमाला जरा डोळे हवेत.

चंद्रपुरी
ते मान्य. पण आजारी मुलाचं कारण एकदा चाललं की बंगलेवाल्यांचीही मुलं आजारी पडतील, बघा.

तिखटमीठ
कुणीतरी मूळ प्रश्नाचं उत्तर देईल का? नऊपट वजन योग्य की अयोग्य?

आकडेमोड
देतो. तत्त्वाने अयोग्य. पण त्याने नुकसान किती, हेही मोजा. २०२१ च्या १९ पैकी एक जागा. तिथलं एक मत जड आहे म्हणून व्हाइटहॉर्सचं राज्य ओल्ड क्रोच्या हातात गेलं असं होत नाही, निम्म्याच्या वर जागा राजधानीच्याच आसपास आहेत. खरी गडबड तेव्हा होते जेव्हा अशा हलक्या मतदारसंघांची संख्या वाढते आणि ते मिळून बहुमत बनवतात. लक्षद्वीपची लोकसभा जागा बघा, मतदार साठ हजारांच्या आत, तेव्हा आपल्या पालघर किंवा पुण्यात वीस-वीस लाख. ओरड करतं का कुणी? नाही. कारण एकच आहे आणि त्याला जोडायला शेजारी दुसरं काही नाही.

स्पितीवाला
+१. आणि अरुणाचलमध्ये मालोगामला एका बाईच्या मतासाठी कर्मचारी कित्येक किलोमीटर चालत जाऊन मतदान केंद्र थाटतात. ते आपल्याला कौतुकाचं वाटतं. मग एका गावाला एक आमदार का खटकावा?

खडूफळा
मालोगामचं कौतुक वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना. चालत जाणाऱ्या मास्तराला विचारा.

उत्तरायण
@आकडेमोड, "शेजारी दुसरं काही नाही" हे पटतं. सगळ्यात जवळचा मतदारसंघ क्लोंडाइक, डॉसनचा. सोनं, पर्यटक, हायवे. ओल्ड क्रोला त्यात टाकलं तर आमदार डॉसनचाच येणार आणि दीडशे मतं मोजायलाही कुणी थांबणार नाही. प्रश्न मीच टाकला होता, पण यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी बरोबरी झाल्यावर चिठ्ठी, हे मात्र मला अजून पचत नाही. पुन्हा मतदान घ्या की.

आकडेमोड
पुन्हा मतदान म्हणजे त्या दीडशे जणांवर सगळ्या प्रदेशाचे पुढारी आणि पत्रकार येऊन पडणार. महिनाभर. तेही बंद विमानातून, दारूशिवाय.

बंडूनाना
पुढारी गेले तरी चालतील, पण पत्रकारांचे हाल बघवणार नाहीत.

मिरची_कांदा
उत्तरायण, रश्शाची पाककृती अजून आलेली नाही. हरीण मिळणार नाही हे माहीत आहे, बकरा घालून करतो. खोबरं सुकं की ओलं तेवढं सांगा.